मेणकापडातला पाव

१

मेणकापडाची शेवटची घडी उलगडली आणि ऊनाच्या हातात पाव आला.

काकवीचा पाव. तपकिरी, जाड कडेचा, मधोमध एक बेदाणा रुतलेला. तळहाताएवढा तुकडा, बरोबर वहीच्या मापाचा.

एफी पिनच्या स्वयंपाकघरात वीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती. सगळ्यांचे कोट धुक्याने ओले, सगळ्यांचे डोळे ऊनाच्या हातांकडे. बंदराच्या तोंडाशी भोंगा वाजला आणि थांबला. कोणी हसलं नाही.

दरवर्षी ऑगस्टात, दिवंगत लेखिका एफीच्या वाढदिवसाला, सेंट जॉन्समध्ये ही चाल निघते. धक्क्यापासून निघायचं, एफी रोज चालायची त्याच गल्ल्यांतून जायचं, जिथे तिने काही लिहिलं तिथे थांबायचं, आणि कड्यावरच्या तिच्या घरी येऊन शेवटचा परिच्छेद वाचायचा. तिचं पुस्तक गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतं. पण त्या दिवशी छापील पुस्तक चालत नाही. काचेच्या पेटीतली तिची निळी वही बाहेर काढतात, मेणकापडात गुंडाळून बरोबर नेतात, आणि प्रत्येक मुक्कामाला एकेक जण ती हातात धरून वाचतो. वही घरी परतली की चाल पुरी होते.

आज पाव परतला होता.

"ऊना," ड्रूसी पिन हळू आवाजात म्हणाली. ड्रूसी म्हणजे एफीची भाची. घर तिचं, वही तिची. "वही कुठाय?"

चालीची वाटाड्या ऊना होती. वही तिच्या ताब्यात होती. आणि दारात उभ्या बाबागाडीच्या खालच्या टोपलीत, जिथे ते मेणकापड दिवसभर होतं, आता फक्त एक ओला रुमाल आणि दुधाची बाटली होती.

२

"हा पाव माझा आहे," डोरीन म्हणाली.

डोरीन ही ऊनाची सासू. आठ महिन्यांच्या एल्सीमुळे हल्ली सगळेच, ऊनासुद्धा, तिला 'नॅन', म्हणजे आजी, म्हणायचे. "काल भाजलाय. सकाळी मीच पोरीच्या गाडीत ठेवला, उशीखाली."

"गाडीत पाव?" डॉक्टर व्हिटकोम्बनी विचारलं. ते समुद्रापलीकडच्या मेनलँडवरून, टोरँटोहून आलेले. जुन्या कागदांचे वैद्य, असं त्यांचं काम.

"धुक्यात बाळाला उघड्यावर न्यायचं तर पाव ठेवावा लागतो, डॉक्टरसाहेब. नाहीतर ती न दिसणारी माणसं उचलून नेतात."

"कोण माणसं?"

"त्यांचं नाव घेत नाहीत." डोरीनने कोटाचा खिसा थोपटला. "माझ्या स्वतःच्या खिशातही आहे. पोरं विमानाने कामाला जातात, पण पाव घेऊन जातात."

"अजून हे चाललंय तुमचं!" ड्रूसीने कपाळावर हात मारला. मग ती ऊनाकडे वळली, आणि तिचा आवाज मऊ झाला. तो मऊपणाच ऊनाला टोचला. "बाये, रागावू नकोस. शेवटच्या वाचनानंतर वही तू गुंडाळलीस ना? तुझ्याच हाताने? मग वहीऐवजी पाव गुंडाळला असशील. वही राहिली असेल एखाद्या भिंतीवर."

"मी वहीच गुंडाळली."

"परवा घराच्या किल्ल्या कुठे सापडल्या?"

किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या होत्या, लोण्याशेजारी. नवरा समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर, तीन-तीन आठवडे. एल्सी रात्रीतून चारदा उठणार. मागच्या महिन्यात तिने चहादाणीत दूध उकळलं होतं आणि गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती, कारण डोरीनने ती सगळ्या गल्लीला सांगितली होती.

"आम्ही बाहेरचे, म्हणजे चोरही आम्हीच असणार," व्हिटकोम्ब म्हणाले आणि त्यांनी आपली बॅग टेबलावर पालथी केली. भिंग, मऊ ब्रश, पांढरे हातमोजे, मोज्यांचा एक जोड. वही नाही.

"बूट काढा," डोरीन म्हणाली.

"नॅन!"

"का? मेनलँडवाले काय बुटात लपवत नाहीत?"

कोपऱ्यातल्या बाकावरून स्किपर लिअँडर व्होकी उठला. सत्तरीचा, रुंद खांद्यांचा, एके काळचा बोटीचा कप्तान. तीस वर्षं या घराची राखण त्याच्याकडे. खिडक्या तोच रंगवायचा, शेगडी तोच पेटवायचा. "पोरीला बोलू नका," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सकाळपर्यंत मिळेल वही. धुकं नेतं ते धुकं आणून देतं."

"माझं विमान सकाळी नऊला आहे," व्हिटकोम्ब म्हणाले.

"मग नऊच्या आत मिळू दे," ड्रूसी म्हणाली. "नाही मिळाली तर पोलिसांना कळवीन. घराला कुलूप, आणि चालही कायमची बंद. एक वही सांभाळता येत नाही तर मिरवायची कशाला?" ती थांबली, आणि ऊनाच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तू घरी जाऊन झोप, बाये. खरंच. तुझा दोष नाही. असं होतं बाळंतिणीचं."

ऊनाला चोर म्हटलेलं परवडलं असतं. पायऱ्या उतरताना ती स्वतःला एकच विचारत होती: खरंच मीच तर नसेन?

३

पाहुण्यांनी उतरतानाच सगळी वाट धुंडाळली. वही कुठेच नव्हती. ऊना चर्चच्या आवारात थांबली. एल्सी गाडीत जागी होती, आपलीच बोटं चोखत.

इथेच, आवाराच्या फाटकाशी, वाटेतलं शेवटचं वाचन झालं होतं. लिअँडरचं. दरवर्षी तो एकच पान वाचायचा, वादळात दिवा धरून उभ्या बाईचं. आजही टोपी काढून, वही छातीशी धरून, त्याने खर्जात वाचलं. मध्येच वाऱ्याने दोन पानं उलटली. तरी त्याचा एक शब्द अडखळला नाही. तेव्हा ऊनाला कौतुक वाटलं होतं: पाठच आहे हो त्याला.

मग त्याने वही तिला दिली. निळं पुठ्ठ्याचं अंग, कोपऱ्यावर चहाचा डाग. तिने तो डाग अंगठ्याने पुसून पाहिला होता, आई झाल्यापासून ती सगळंच पुसते तसा. आणि मग मेणकापड. डाग पुसला म्हणजे वही होती. पावावर डाग नसतो.

मी वहीच गुंडाळली, ती स्वतःशी म्हणाली. या वेळी आवाज थोडा घट्ट होता.

त्यानंतर चहा. पाहुणे चर्चच्या सभागृहात, आणि गाडी बाहेर, दारालगतच्या भिंतीशी. धुक्यात झोपलेलं बाळ गुटगुटीत होतं असं इथे मानतात. ऊनाला ते आजवर पटलेलं नाही. म्हणून किटली घेऊन ती दारातच उभी राहिली होती. धुक्यात गाडी दिसत नव्हती, तेव्हा डोळ्यांत तेल घालून मोजत होती, कोण बाहेर जातंय, किती वेळ. दार एकच. बाहेर गेली चार माणसं.

ड्रूसी गेली, टोपलीतला बनांचा डबा आणायला. व्हिटकोम्ब गेले, गाडीच्या दांडीला अडकवलेली छत्री घ्यायला. डोरीन गेली, पांघरूण सारखं करायला. लिअँडर गेला, पाइप ओढायला.

तिने त्याच संध्याकाळी चौघांनाही गाठायचं ठरवलं. व्हिटकोम्ब पायऱ्यांवरच भेटले, दम खात बसलेले.

"तुम्ही चहाच्या वेळी नेमकं काय म्हणालात, आठवतंय?"

"तेच, की ओलीने चिकटलेली शेवटची दोन पानं मी परवा वाफेवर सोडवली. शाई फार फिकी आहे. यंत्राखाली वाचू. नाव तेवढं लागलं, लिअँडर व्होकी." ते हसले. "मी त्यांना म्हटलं, स्किपर, बघा तुमच्यावर काय लिहिलंय! तर म्हणाले, चष्मा घरी राहिला."

"गाडीतल्या बाळाकडे बघितलंत तुम्ही?"

"बाई, मला तीन भाचे आहेत. झोपलेल्या बाळाकडे मी चुकूनही बघत नाही. श्वाससुद्धा रोखून छत्री घेतली."

ड्रूसीला फोन केला. ती वैतागलेली होती. "मी माझीच वही चोरू? तीही डॉक्टरला स्वतः बोलावून? दरवर्षी धुकं एकेक पान खातंय म्हणून तर पाठवतेय ना दुरुस्तीला! डबा घेतला आणि आले मी. त्या पावाबिवाला हात लावला नाही. झोप, ऊना."

बाकी राहिले दोघं. आणि त्यातली एक तिच्याच घरात, तिच्याच स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती.

४

"मला विचारतेस?" डोरीनने सुरी खाली ठेवली. "घे, झडती घे. खिसे बघ."

खिशात रुमाल, किल्ली आणि काकवीच्या पावाचा तुकडा, तसाच.

"नॅन, मी आरोप करत नाहीये. तुम्हाला चाल आवडत नाही एवढं माहीत आहे."

"नाहीच आवडत. तान्हं पोर घेऊन पायऱ्या चढायच्या, परक्या लोकांना गोष्टी सांगायच्या..." ती थांबली. तिने एक बटाटा उगाचच दोनदा धुतला. "पण चाल असते त्या दिवशी तू जेवतेस. बाकी दिवशी नुसती ताटाशी बसतेस. मी आंधळी नाही, पोरी."

तेवढ्यात एल्सीने भोकाड पसरलं. तिला मांडीवर घेऊन ऊना टोपी सोडू लागली. गाठ सुटेना.

"हनुवटीखाली निरगाठ कोण मारतं, नॅन? पोरीला फास बसेल."

"मी नाही मारली. आणि हे काय, टोपी उलटी का घातलीस? शिवणी सगळ्या बाहेर!"

ऊनाने पाहिलं. खरंच होतं. पिवळ्या टोपीचे धागे बाहेर, लेस आत. घरी परतताना हे तिच्या लक्षात आलं होतं, आणि तिने तेही आपल्याच खात्यावर टाकून दिलं होतं. किल्ल्या फ्रीजमध्ये, टोपी उलटी.

पण सकाळी फोटो काढला होता. तिने फोन उघडला. धक्क्यावर, सीगलांच्या गराड्यात, लिअँडरच्या कडेवर एल्सी. लेस बाहेर. नाडीचं सुबक फूल. लिअँडरचा दुसरा हात हवेत, खिशातला पाव पक्ष्यांना टाकत.

एल्सीने लोंबतं टोक मुठीत धरलं आणि ओढलं. लोखंडासारखी घट्ट गाठ एका क्षणात लोण्यासारखी सुटली.

"अगंबाई," डोरीन म्हणाली. "ही तर शिडाची गाठ."

"म्हणजे?"

"माझा बाप मारायचा. वाऱ्यात सुटत नाही, पण गारठलेल्या बोटांनी एक टोक ओढलं की झालं. बोटीवर वाढलेला माणूसच मारतो."

ऊना उठून उभी राहिली. एल्सी तिच्या खांद्यावर, टोपी हातात.

"नॅन, समजा तुम्हाला या गाडीतला पाव घ्यावाच लागला असता. तर?"

"देवा रे! पोर उघडं पडेल."

"पण घ्यावाच लागला तर?"

"तर माझ्या खिशातला ठेवीन."

"आणि खिशात नसला तर?"

डोरीनची नजर टोपीवर गेली. "तर... कापड उलटं घालीन. अंगावर उलटं कापड असलं की त्यांना ओळख पटत नाही. ती माणसं हात लावत नाहीत."

"बघा आता," ऊना म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिचं डोकं धुतलेल्या काचेसारखं झालं होतं. "चोरी ठरवून केलेली नाही. ठरवून येणारा वहीऐवजी ठेवायला काही घेऊन आला असता. याने हाताला लागलं ते ठेवलं, म्हणजे चहाच्या वेळीच मनात आलं. डॉक्टरांना पाव म्हणजे न्याहारी. ते टोपी कशाला उलटी करतील? ड्रूसी हसते या सगळ्याला. तुमच्या खिशात पाव होता. उरतो तो माणूस, ज्याने आपला पाव सकाळीच सीगलांना घातला. ज्याला शिडाची गाठ येते. आणि चोरी करतानाही ज्याचा पाय माझी पोर उघडी टाकून निघाला नाही."

"लिअँडर?" डोरीन खाली बसली. "अगं, पण त्याला वही कशाला? तीस वर्षं किल्ली त्याच्याकडेच आहे. हवी तेव्हा वाचावी!"

ऊना दाराशी थबकली. वाऱ्याने उलटलेली दोन पानं. चष्मा घरी राहिला म्हणणारा माणूस, आणि त्याच माणसाने त्याआधी अर्धाच तास, चष्म्याशिवाय, फाटकाशी उभं राहून वाचलेलं पान.

"हो ना," ती म्हणाली. "हवी तेव्हा वाचावी."

५

लिअँडरचं घर खालच्या बाजूला, पाण्याजवळ. पुढचं दार रंगाने चिकटून गेलेलं. ते लग्नाला आणि मयताला उघडतात. मागचं दार वाजवायची रीत नाही. वाजवतो तो परका. ऊना एल्सीला घेऊन सरळ आत गेली.

तो खिडकीशी बसला होता. मावळतीचा उजेड टेबलावर तिरपा पडला होता. मध्ये निळी वही, शेवटच्या पानावर उघडलेली, कडेला स्वच्छ रुमाल अंथरलेला. त्याच्या हातात पेन्सिलीचं थोटूक होतं आणि पुढ्यात जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान. त्यावर अक्षरं होती, पण लिहिलेली नव्हती, काढलेली होती. एकेक अक्षर गळासारखं, दोरासारखं, जाळ्याच्या डोळ्यासारखं. तीन ओळी झाल्या होत्या.

तो दचकला नाही. "ये, पोरी. किटली तापलीय."

"स्किपर."

"सकाळी मी नेऊनच देणार होतो. पोलीस येण्याआधी. तुझ्यावर येईल हे तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा जीभ उचलली नाही." पेन्सिल त्याने जपून खाली ठेवली. "नवव्या वर्षी बोटीवर चढलो. शाळा नाही. ते एक पान माझ्या बायकोने, नोराने, माझ्याकडून पाठ करून घेतलं, रोज रात्री, एक हिवाळाभर. नोरा गेली. आता तो डॉक्टर म्हणतो, आणखी एक पान आहे, त्यात तुझं नाव आहे. सगळ्यांसमोर म्हणतो, वाच. काय सांगू? तीस वर्षं मी पुस्तकाच्या घराची किल्ली घेऊन हिंडतोय आणि पाहुण्यांना माहिती देतोय."

"मग हे उतरवून...?"

"वही तर विमानातून जाणार. म्हटलं, निदान आकार राहू देत माझ्याकडे. पुढेमागे कोणीतरी भेटेल, त्याला विचारू." तो ओशाळून हसला. "पोरीची टोपी नीट होती ना? मला फार चुटपुट लागली होती."

ऊनाने एल्सीला त्याच्या मांडीवर दिलं, वही उचलली आणि खिडकीशी तिरपी धरली. शाई पाण्यासारखी फिकी. पण तीन वर्षं ती हेच अक्षर वाचत होती. अडखळत, एकेक शब्द सोडवत तिने मोठ्याने वाचलं:

"'या वहीतला निम्मा समुद्र माझा नाही. तो लिअँडर व्होकीचा आहे. माझे गुडघे गेल्यापासून तो मला पायऱ्यांवरून उचलून वर नेतो, आणि वर पोचेपर्यंत समुद्राविषयी बोलत असतो. तो गेला की मी ते लिहून काढते, त्याला न विचारता. वादळात दिवा धरून उभी राहिलेली बाई त्याची आई आहे. त्याला अक्षर येत नाही हे मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नाही. जो कोणी हे पान उघडेल, त्याने ते त्याला मोठ्याने वाचून दाखवावं, आणि सांगावं की चोर मी आहे.'"

एल्सीने लिअँडरच्या बंडीचं बटण तोंडात धरलं होतं.

"परत वाच," तो म्हणाला.

तिने परत वाचलं.

"आई होती ती," तो म्हणाला. "म्हणूनच ते पान इतकं पक्कं पाठ झालं मला."

६

सकाळी साडेसातला पाचही जण एफीच्या स्वयंपाकघरात जमले. सगळं लिअँडरनेच सांगितलं, टोपी हातात घेऊन, एकही शब्द न गाळता. शेवटी ऊनाने पान वाचलं. ड्रूसी खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, धुकंच होतं.

"काल मी तुला झोप म्हणाले," ती शेवटी म्हणाली.

"झोपायचं आहेच मला," ऊना म्हणाली. "पण किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या बाईला दिसतंसुद्धा, ड्रूसी."

ड्रूसीने मान हलवली. मग ती पोलिसांविषयी काही बोललीच नाही. वही हिवाळाभर टोरँटोत राहील आणि पुढच्या ऑगस्टाआधी परत येईल, असं ठरलं. कुलपाचा विषय निघाला नाही. फाटकाशी कोण वाचणार, हे विचारायची गरज नव्हती. पण लिअँडरने स्वतःहून सांगितलं की पुढच्या वर्षी तो दुसरं पान वाचेल, शेवटचं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, एल्सी झोपली की, ऊना त्याच्याकडे जाणार होती. कॅलेंडरची पानं बरीच शिल्लक होती.

"आणि बाळ?" व्हिटकोम्बनी विचारलं.

"बाळ माझ्याकडे," डोरीन म्हणाली. "की मेनलँडवर आज्यांना पोरं देत नाहीत?"

व्हिटकोम्बनी वही पांढऱ्या हातमोज्यांनी उचलून खोक्यात ठेवली. झाकण लावणार, तेवढ्यात लिअँडरने खिशातून काकवीच्या पावाचा तुकडा काढला आणि वहीशेजारी ठेवला.

"स्किपर, माफ करा. कागदांजवळ खाण्याचं काही ठेवता येत नाही. किडे होतात. नियम आहे."

डोरीन बोलणार होती. ऊनाने तिचा दंड धरला.

व्हिटकोम्बनी तुकडा उचलला. एकवार तिथल्या सगळ्यांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या धुक्याकडे, ज्यातून त्यांना विमानतळापर्यंत जायचं होतं. मग तो त्यांनी आपल्या कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं.